धावणाऱ्या माणसाचे मोजमाप : ए. व्ही. हिल

गेल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या तोंडावर भरधाव पळताना माझ्या मांडीचा मागचा स्नायू दुखावला. स्पर्धा पंधरा दिवसांवर आली म्हणून एका अनुभवी खेळाडूच्या सांगण्यावरून मी रोजचे अंतर एकदम दुप्पट केले होते. दुसऱ्या दिवशी पाय ठणकू लागले, तेव्हा पायांत लॅक्टिक ॲसिड साचले आहे, आणखी पळालास की निघून जाईल, असे मला सांगण्यात आले. मी पळालो आणि जायबंदी होऊन बसलो. आमच्या घरात आजवर सर्वांनी अंगमेहनतीवरच पोट भरले. पाय मुरगळला की रोज बुडतो, हे आई जाणून होती. म्हणून माझ्यापेक्षा तिलाच अधिक वाईट वाटले. त्या सक्तीच्या विश्रांतीत ग्रंथालयात बसून हे लॅक्टिक ॲसिड आले कुठून, याचा शोध घेऊ लागलो आणि आर्चिबाल्ड व्हिव्हियन हिल या इंग्रज शास्त्रज्ञाची ओळख झाली.

हिल यांचा जन्म २६ सप्टेंबर १८८६ रोजी ब्रिस्टल येथे झाला. ते अगदी लहान असतानाच वडील घर सोडून निघून गेले. आईने त्यांना आणि त्यांच्या बहिणीला वाढवले. शिष्यवृत्तीच्या बळावर शिकत ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात पोचले. आपले रँग्लर परांजपे १८९९ साली ज्या ट्रायपॉस परीक्षेत सीनिअर रँग्लर झाले, त्याच परीक्षेत १९०७ साली हिल यांनी तिसरे स्थान मिळवले. गणितात असे यश मिळवूनही, वॉल्टर फ्लेचर या अध्यापकांच्या सल्ल्याने ते शरीरशास्त्राकडे वळले. बेडकाचा स्नायू आकुंचन पावतो तेव्हा तापमान किती वाढते, हे त्यांना मोजायचे होते. ही वाढ अंशाच्या काही हजाराव्या भागांइतकीच असते. ती टिपता येईल अशी उपकरणे त्यांनी चिकाटीने सुधारत नेली. याच कार्याबद्दल १९२२ चे नोबेल पारितोषिक त्यांना आणि जर्मनीचे ओटो मायरहोफ यांना मिळून देण्यात आले.

हिल स्वतः धावपटू होते. त्यामुळे बेडकाच्या स्नायूत जे दिसले ते धावणाऱ्या माणसात कसे घडते, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १९२० साली ते मँचेस्टरला प्राध्यापक झाले. तेथे हार्टली लप्टन यांच्यासह त्यांनी जे प्रयोग केले, त्यांत प्रयोगाचा विषय बहुधा हिल स्वतःच असत. पाठीवर मोठी पिशवी बांधून, तोंडात नळी धरून ते हिरवळीवर गोल गोल धावत. बाहेर टाकलेला श्वास पिशवीत जमा होई. तो तपासून शरीराने किती प्राणवायू वापरला याचा हिशेब करीत. वेग वाढवावा तसा प्राणवायूचा वापर वाढे. पण मिनिटाला सुमारे ४ लिटरपर्यंत पोचल्यावर तो तिथेच थांबे. हृदय आणि रक्ताभिसरण यांची ही मर्यादा असावी, असा त्यांनी निष्कर्ष काढला. आज जगभर खेळाडूंची जी कमाल प्राणवायू क्षमता मोजतात, त्या मापाचा पाया १९२३-२४ च्या या प्रयोगांनी घातला.

मग या मर्यादेपलीकडे माणूस थोडा वेळ तरी पळतो तो कशाच्या जोरावर? हिल यांचे उत्तर होते, कर्जावर. अडीनडीला सावकाराकडून उचल करावी तसे शरीर उसने घेते आणि शर्यत संपल्यावर धापा टाकत ते फेडते. या कर्जाचा संबंध त्यांनी लॅक्टिक ॲसिडशी जोडला. मैदानावर आजही ऐकू येणारा तो शब्द खेळाडूंपर्यंत पोचण्यात या संशोधनाचा मोठा वाटा आहे.

पुढे ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आले. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेले असता त्यांनी धावपट्टीच्या कडेला तारेची वेटोळी उभी केली आणि धावपटूंच्या अंगावर चुंबक बांधले. प्रत्येक वेटोळ्यापाशी वेग किती, हे त्यातून समजू लागले. पहिल्या काही सेकंदांनंतर उत्तम धावपटूचाही वेग वाढत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

मला हिल यांच्या चरित्रातील सर्वांत मोठा प्रसंग मात्र नोबेलनंतरचा वाटतो. लॅक्टिक ॲसिडमुळेच स्नायू आकुंचन पावतो, असे तेव्हा मानले जाई आणि त्या मताला हिल यांच्या नावाचा आधार होता. १९३० साली डेन्मार्कच्या आयनर लुंड्सगार्ड यांनी स्नायूत लॅक्टिक ॲसिड तयारच होऊ दिले नाही, तरीही स्नायू आकुंचन पावला. हिल यांनी वाद घातला नाही की मानपान काढला नाही. १९३२ साली लेख लिहून, स्नायूंच्या शास्त्रात क्रांती झाली असून जुने मत सोडलेच पाहिजे, हे त्यांनी जाहीर केले. प्राणवायूच्या कर्जाच्या कल्पनेतही पुढच्या संशोधकांनी दुरुस्त्या केल्या. लॅक्टिक ॲसिड तास-दोन तासांत रक्तातून निघून जाते. दुसऱ्या दिवशीचे ठणकणे हे सवय नसलेल्या ताणाने स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेतून येते, हे आता सर्वमान्य आहे. म्हणजे ज्या मताने माझा पाय गेला, ते मत त्याचा पुरस्कर्ताच कधीचा सोडून मोकळा झाला होता!

हिटलरच्या राजवटीने हुसकावलेल्या विद्वानांना आसरा देणाऱ्या संस्थेच्या कामात हिल १९३३ पासून पुढे होते. लायप्झिगहून आलेल्या बर्नार्ड कात्झ या तरुणाला त्यांनी आपल्या प्रयोगशाळेत घेतले. त्या कात्झ यांनाही १९७० साली नोबेल मिळाले. १९४३-४४ साली हिल भारतात आले आणि येथील संशोधनसंस्थांची पाहणी करून त्यांनी अहवाल लिहिला. देशात एक मोठे वैद्यकीय केंद्र हवे, असा त्यांचा आग्रह होता. भोर समितीनेही तशीच शिफारस केली आणि १९५६ साली दिल्लीत अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली.

१९५२ साली युनिव्हर्सिटी कॉलेजातल्याच ॲबट, बिगलँड आणि रिची यांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून साखळीने जोडल्या. एकाने पायडल मारायचे, दुसऱ्याने ते रोखायचे. रोखणाऱ्याला प्राणवायू फारच कमी लागला. ताणला जात असताना स्नायू थोड्या खर्चात मोठा जोर लावतो, हे यातून दिसले. पण तंतूंना इजा होते तीही बहुधा अशाच वेळी. मग याच ताणाची हळूहळू सवय केली तर? गुडघ्यांवर बसावे, सोबत्याने घोटे धरावेत आणि अंग सावरत सावकाश पुढे झुकावे, असा एक व्यायाम आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डेन्मार्कमधील ५० फुटबॉल संघांतल्या ९४२ खेळाडूंचे दोन गट पाडले होते. हा व्यायाम करणाऱ्यांत मांडीच्या मागच्या स्नायूच्या १५ दुखापती झाल्या, न करणाऱ्यांत ५२.

हिल ३ जून १९७७ रोजी केंब्रिज येथे वारले. माझा पाय आता बरा आहे. रोजचे अंतर, वेळ आणि दुखणे मी वहीत टिपतो आणि अंतर बेताबेताने वाढवतो. वडीलधाऱ्या खेळाडूंचा मान मी आजही राखतो. पण त्यांनी काही सांगितले की, हे कुणी मोजून पाहिले आहे का, असे नम्रपणे विचारतो. आपल्या जिमखान्यात महागडी यंत्रे नाहीत. पण घड्याळ आहे, वही आहे आणि गुडघे टेकायला मातीही आहे. सुरुवातीला एवढे पुरे.