चार भाषांचा कलावंत : शफी इनामदार

१९८४ सालची गोष्ट. त्या काळी सगळ्यांच्या घरी दूरदर्शन संच नव्हते. ज्यांच्या घरी संच असे, त्यांच्याकडे शेजारीपाजारी जमत. शुक्रवारी रात्री ‘ये जो है ज़िंदगी’ ही विनोदी मालिका लागे आणि लहानथोर सारे दूरदर्शनसमोर येऊन बसत. एक मध्यमवर्गीय नवरा, त्याची बायको आणि त्यांच्याकडे राहणारा बायकोचा भाऊ यांच्या घरातील लहानसहान कुरबुरी या मालिकेत असत. हिंदीतील प्रसिद्ध विनोदी लेखक शरद जोशी यांनी ती लिहिली होती. मालिकेतला नवरा रणजित वर्मा आपली अडचण अगदी गंभीरपणे सांगे आणि पाहणारे पोट धरून हसत. या रणजितची भूमिका करणारे नट म्हणजे शफी इनामदार.

शफी इनामदार यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९४५ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यातील पांगारी या गावी झाला. सुरुवातीचे शिक्षण गावात झाल्यावर ते मुंबईला आले. डोंगरी भागातील शाळेत ते शिकले. पुढे त्यांनी विज्ञान शाखेची पदवी मिळवली. पण त्यांचे मन रमले ते नाटकात. शाळेत असल्यापासूनच त्यांना वक्तृत्वाची आणि नाटकाची आवड होती.

मुंबई हे अनेक भाषांचे शहर आहे. येथे मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा सर्व भाषांतील नाटके होतात. पुष्कळ कलावंत आपापल्या भाषेच्या रंगभूमीवरच काम करतात. शफींनी मात्र असे कुंपण घालून घेतले नाही. प्रवीण जोशी हे त्या वेळी गुजराती रंगभूमीवरचे नामवंत दिग्दर्शक होते. त्यांच्या हाताखाली शफींनी नाटकाचे धडे घेतले. ‘इप्टा’ या नाट्यसंस्थेतही त्यांनी काम केले. हिंदी, गुजराती, मराठी आणि इंग्रजी या चार भाषांत मिळून तीसहून अधिक एकांकिकांमध्ये त्यांनी अभिनय किंवा दिग्दर्शन केले.

एकांकिका म्हणजे एका अंकाचे छोटे नाटक. वेळ थोडा, पात्रे थोडी आणि खर्चही बेताचा. त्यामुळे नटाच्या शब्दांवरच सारी भिस्त असते. कोणता शब्द सावकाश म्हणायचा, कोठे थांबायचे, समोरच्या नटाचे बोलणे कसे ऐकायचे, हे सारे दिग्दर्शकाला तालमीत पुन्हा पुन्हा करून घ्यावे लागते. परक्या भाषेत हे काम आणखी अवघड होते. नुसते शब्दांचे अर्थ ठाऊक असून भागत नाही. ती भाषा बोलणारी माणसे रागावतात कशी, लाजतात कशी, थट्टा करतात कशी, हेही जाणावे लागते. शफींनी ही मेहनत मनापासून केली.

उर्दूतील थोर लेखिका इस्मत चुगताई यांचे ‘नीला कमरा’ हे नाटक त्यांनी हिंदी रंगभूमीवर दिग्दर्शित केले. पुढे त्यांनी ‘हम प्रॉडक्शन्स’ ही स्वतःची नाट्यसंस्था काढली.

मराठीतील श्रेष्ठ अभिनेत्री भक्ती बर्वे या त्यांच्या पत्नी. पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’ या नाटकाने त्यांना मोठी कीर्ती मिळवून दिली होती. अशोक पाटोळे यांच्या ‘आई रिटायर होतेय’ या मराठी नाटकात भक्तीबाईंनी आईची भूमिका केली. नोकरी करणारी माणसे ठरावीक वयात निवृत्त होतात, मग जन्मभर घरासाठी राबणाऱ्या आईने निवृत्त का होऊ नये, असा प्रश्न या नाटकात आहे. हेच नाटक ‘बा रिटायर थाय छे’ या नावाने गुजरातीत आले. त्यात पद्मारानी यांनी आईची भूमिका केली आणि दिग्दर्शन शफी इनामदार यांनी केले. गुजराती प्रेक्षकांनी ते डोक्यावर घेतले. एकाच आईचे दुःख पत्नीने मराठीत साकार केले आणि पतीने ते गुजरातीत उभे केले!

चित्रपटांतही त्यांनी अनेक भूमिका केल्या. गोविंद निहलानी यांच्या ‘अर्धसत्य’ (१९८३) या चित्रपटात त्यांनी इन्स्पेक्टर हैदर अली हा समजूतदार पोलीस अधिकारी रंगवला. १९८८ मध्ये गुलजार यांची ‘मिर्झा गालिब’ ही मालिका दूरदर्शनवर आली. तीत नसीरुद्दीन शाह गालिब झाले होते, तर शफी इनामदार झाले होते बादशहा जफर यांचे उस्ताद जौक. कोकणातल्या खेड्यात जन्मलेला हा नट दिल्लीच्या दरबारातील शायर म्हणून शोभून दिसला.

१९९५ मध्ये त्यांनी दिग्दर्शित केलेला ‘हम दोनों’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. ऋषी कपूर आणि नाना पाटेकर यांनी त्यात काम केले होते. चित्रपट दिग्दर्शनाची नवी वाट आता मोकळी झाली होती. पण काळाला ते मान्य नव्हते. १३ मार्च १९९६ रोजी कोलकात्यात भारत आणि श्रीलंका यांच्यात विश्वचषकाचा उपांत्य सामना होता. तो दूरदर्शनवर पाहत असतानाच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते अवघे पन्नास वर्षांचे होते. त्यानंतर पाच वर्षांनी, फेब्रुवारी २००१ मध्ये, भक्तीबाईही मोटार अपघातात गेल्या.

शफी इनामदार यांच्याकडे नायकाचे देखणेपण नव्हते. स्वच्छ उच्चार, भूमिकेची जाण आणि कष्ट करण्याची तयारी एवढेच त्यांचे भांडवल होते. दुसऱ्याची भाषा शिकल्याने आपली भाषा दूर जात नाही, उलट आपल्या घराला आणखी एक दार होते. शफींनी अशी चार दारे उघडली आणि चारही दारांनी माणसे त्यांच्याकडे प्रेमाने आली.