कवी लाँगफेलो यांचा स्पॅनिशचा वर्ग

'अ साम ऑफ लाइफ' या कवितेमुळे हेन्री वर्ड्सवर्थ लाँगफेलो हे नाव आपल्याकडे इंग्रजी शिकलेल्या अनेक पिढ्यांच्या परिचयाचे आहे. मात्र, १८३८ मध्ये ही कविता प्रसिद्ध झाली तेव्हा त्यांचा चरितार्थ कवितेवर चालत नव्हता. ते कॉलेजातील तरुणांना फ्रेंच आणि स्पॅनिश शिकवीत होते. कवीची कीर्ती एवढी मोठी झाली, की तिच्यामागे हा भाषाशिक्षक जवळजवळ झाकला गेला.

१८०७ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड येथे जन्मलेल्या हेन्रीने आपल्यासारखेच वकील व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. १८२५ मध्ये त्याने बोडिन कॉलेजची पदवी घेतली आणि त्याच सुमारास कॉलेजने आधुनिक भाषांसाठी प्राध्यापकपद निर्माण करण्याचे ठरविले. त्या काळी अमेरिकेतील कॉलेजशिक्षण म्हणजे मुख्यतः लॅटिन, ग्रीक आणि गणित. जिवंत माणसे बोलतात ती भाषा वर्गात शिकवावी, ही कल्पनाच नवी होती. अठरा वर्षांच्या हेन्रीला ही जागा देऊ करण्यात आली. अट एवढीच, की त्याने आधी स्वखर्चाने युरोपात जाऊन त्या भाषा शिकून याव्यात. वडिलांनी खर्च उचलला आणि स्पॅनिशकडे दुर्लक्ष न करण्याविषयी मुलाला बजावले. दक्षिण अमेरिकेतील वसाहती नुकत्याच स्पेनपासून स्वतंत्र झाल्या होत्या. त्यांच्याशी अमेरिकेचे संबंध वाढत होते. वकिलाच्या व्यवहारी नजरेला स्पॅनिशचे मोल फ्रेंचइतकेच वाटत होते.

१८२७ मधले सुमारे आठ महिने लाँगफेलो स्पेनमध्ये होते. माद्रिदमध्ये ज्या कुटुंबात ते राहिले, तेथील रोजच्या बोलण्यातून त्यांची भाषा घडली. कोलंबसचे चरित्र लिहिण्यात गढलेले वॉशिंग्टन आयर्व्हिंग त्यांना तेथेच भेटले. पुढे सेव्हिल, कादिझ, ग्रानादा पाहून ते इटली आणि जर्मनीकडे वळले.

१८२९ मध्ये परतण्याच्या सुमारास कॉलेजने हात आखडता घेतला. वय लहान, म्हणून प्राध्यापकाऐवजी दुय्यम पद आणि वर्षाला ६०० डॉलर! लाँगफेलो यांनी ते साफ नाकारले. अखेर ८०० डॉलर पगाराचे प्राध्यापकपद आणि १०० डॉलरवर ग्रंथपालाचे काम, असा तोडगा निघाला. वर्गात उभे राहिल्यावर पुढची अडचण आली... शिकवायला सोयीची पुस्तकेच नव्हती. मग त्यांनी ती स्वतः तयार केली. प्राथमिक व्याकरण ओलांडलेल्या, पण सर्व्हांतेस पेलणार नाही अशा विद्यार्थ्यासाठी त्यांनी १८३० मध्ये स्पॅनिश कथांचे छोटे पुस्तक संपादित केले. त्यातील एक कथा म्हणजे आयर्व्हिंग यांच्या 'रिप व्हॅन विंकल'चे स्पॅनिश रूपांतर. गोष्ट ओळखीची, फक्त भाषा परकी. भाषा शिकविणाऱ्या कोणालाही या निवडीमागचे शहाणपण लगेच पटेल.

पण केवळ क्रियापदे चालविता येणे म्हणजे भाषा येणे नव्हे, ही त्यांची धारणा होती. १८३३ मध्ये त्यांनी पंधराव्या शतकातील होर्खे मान्रिके यांच्या, वडिलांच्या मृत्यूवरील दीर्घकाव्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला आणि त्याला स्पेनच्या नीतिपर व भक्तिपर काव्यावरील निबंध जोडला. ही वर्गातल्या कामाचीच पुढची पायरी होती.

हार्वर्डमधील फ्रेंच व स्पॅनिशचे पहिले स्मिथ प्राध्यापक जॉर्ज टिकनर पद सोडणार होते. त्या जागी लाँगफेलो यांना बोलावणे आले. तयारीसाठी ते १८३५ मध्ये पुन्हा युरोपात गेले. पण त्याच वर्षी नोव्हेंबरात गर्भपातानंतरच्या आजाराने त्यांच्या पत्नी मेरी यांचे रॉटरडॅममध्ये निधन झाले. त्या वेळी त्या अवघ्या तेवीस वर्षांच्या होत्या. लाँगफेलो यांनी त्याही स्थितीत अभ्यास सोडला नाही.

१८३६ च्या अखेरीस ते हार्वर्डला रुजू झाले. चार परदेशी अध्यापकांवर देखरेख आणि साहित्यावर व्याख्याने, असे कामाचे स्वरूप ठरले होते. प्रत्यक्षात अध्यापकाची जागा रिकामी पडली, की व्याकरणाचा तास प्राध्यापकांच्याच गळ्यात पडे. कवितेला वेळ उरेना, याची खंत त्यांना सतत सलत राहिली. तरीही जे शिकविले, तेच लेखनात उतरले. १८४३ च्या 'द स्पॅनिश स्टुडंट' या नाटकाचा नायक आल्कालाचा विद्यार्थी आहे, तर कथेची प्रेरणा सर्व्हांतेस यांच्या जिप्सी मुलीच्या गोष्टीतून आली आहे. रंगभूमीसाठी ते फारसे जमलेले नाही, हेही खरे.

१८५४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि पुढच्याच वर्षी 'हायवाथा' प्रसिद्ध झाले. स्पेनला ते १८२७ नंतर पुन्हा कधीच गेले नाहीत. मात्र, १८७८ च्या संग्रहात तरुणपणी पाहिलेल्या त्या देशावर 'कॅसल्स इन स्पेन' ही कविता आहे. मार्च १८८२ मध्ये, मृत्यूच्या काही दिवस आधी, त्यांनी अखेरची कविता पूर्ण केली. तिचा विषय होता मेक्सिकोच्या किनाऱ्यावरील, त्यांनी कधीही न पाहिलेल्या सान ब्लास गावातील चर्चच्या घंटा.