आपल्या कुलाब्याचे चिंतामणराव



मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत आपल्या जिल्ह्यातील एखाद्या थोर माणसाविषयी लिहावे, असे अध्यक्षबाईंनी मला सांगितले. मी पडले सातवी शिकलेली बाई; दिल्लीच्या अर्थमंत्र्यांविषयी मी काय लिहिणार? पण आमच्या आजेसासूबाई मोठ्या अभिमानाने सांगत, की १९५२ साली आयुष्यातले पहिले मत त्यांनी चिंतामणराव देशमुखांना दिले. बैलजोडीचे चित्र असलेल्या पेटीत चिठ्ठी टाकताना त्यांचा हात थरथरत होता म्हणे. त्या हाताची आठवण ठेवून हे लिहिते.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते या गावी झाला. वडील द्वारकानाथपंत रोह्यास वकिली करीत. मुलाची बुद्धी अशी तल्लख, की १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनी मिळविली. पुढे ते विलायतेत केंब्रिजला गेले, वनस्पतिशास्त्रात चमकले आणि आय.सी.एस. होऊन मध्य प्रांतात नोकरीस लागले. इंग्रजांचा चाकर म्हणून त्यांना नावे ठेवणारेही होते. परंतु कारभाराची ती जाण पुढे स्वतंत्र देशाच्याच उपयोगी पडली.

१९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. देशाची फाळणी झाली तेव्हा घरातल्या वाटणीसारखी पैशाअडक्याचीही वाटणी करायची होती. तो अवघड काळ त्यांनी शांतपणे निभावला. १९५० साली ते अर्थमंत्री झाले व १९५२ साली आपल्या कुलाबा जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून गेले. पहिली पंचवार्षिक योजना त्यांच्याच काळातली. १९५५ ची स्टेट बँक आणि १९५६ मधील आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरणही त्यांच्याच कारकिर्दीतले. आपण घरखर्चातून वाचवून विम्याचा हप्ता भरतो, त्याच्याशीही या आपल्या माणसाचा संबंध आहे, हे किती जणींना ठाऊक असेल?

१९५३ साली त्यांनी दुर्गाबाईंशी नोंदणी विवाह केला. पहिली इंग्रज पत्नी १९४९ सालीच निवर्तली होती. या विवाहाला पंडित नेहरू साक्षीदार होते. पुढे तीनच वर्षांत त्याच नेहरूंशी मतभेदाचा प्रसंग आला.

१९५६ च्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचे जाहीर झाले. मुंबईत गोळीबार होऊन माणसे मेली. आपल्या किनाऱ्यावरचे घरोघरचे पुरुष तेव्हा गिरण्यांत नाही तर गोदीत पोटासाठी राबत होते. रेवसच्या धक्क्यावर मुंबईहून कोणती बातमी येते, म्हणून बायका जीव मुठीत धरून बसत, असे आजेसासूबाई सांगत. चिंतामणरावांनी राजीनामा दिला. जुलैमध्ये तो मंजूर झाला. मंत्रिमंडळाला न विचारता घेतलेला निर्णय आणि गोळीबाराची न झालेली चौकशी, या दोन्ही गोष्टी त्यांनी भर लोकसभेत बोलून दाखविल्या. पुढे १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला.

मंत्रिपद गेले म्हणून ते घरी बसले नाहीत. विद्यापीठ अनुदान मंडळ आणि नंतर दिल्ली विद्यापीठ त्यांनी सांभाळले. १९६९ साली ते राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले, पण हरले. १९७५ साली पती-पत्नी दोघांनाही पद्मविभूषण मिळाले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादेस त्यांचे निधन झाले. दुर्गाबाई वर्षभर आधीच गेल्या होत्या.

एक गोष्ट मला विशेष वाटते. दुर्गाबाईंचे लग्न बालपणीच लागले होते. ते बंधन त्यांनी सोडले, तुरुंगवास भोगला, मग मॅट्रिक केले आणि वकिलीची परीक्षाही दिली. पुढे शिक्षण सुटलेल्या बायकांसाठी त्यांनी थोड्या मुदतीचे अभ्यासवर्ग सुरू करविले. अशा बाईशी संसार मांडणारा पुरुष केवळ आकड्यांत रमणारा नव्हता.

हे सारे वाचून होईतो माझ्या मनाने एक गोष्ट ठरवली. दहावीसाठी १७ नंबरचा अर्ज मी आणून ठेवला आहे. आजेसासूबाईंसारखा माझाही हात थरथरतो आहे. पण अर्ज मी भरणार. आपल्यापैकी आणखी कोणी सोबतीला येणार असेल तर कळवावे.