गुणाढ्य : राजाने नाकारलेली कथा

पैठणहून नांदेड-मुदखेडच्या दिशेने वाहत येणाऱ्या गोदावरीच्या काठाने भारताला एक थोर कथाकार दिला. 'बृहत्कथा'कार गुणाढ्य हे त्याचे नाव. त्याचा मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्याचे चरित्रही कथेच्याच रूपाने उरले आहे.

काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात रचलेल्या 'कथासरित्सागरा'नुसार गुणाढ्याचा जन्म प्रतिष्ठान प्रांतातील सुप्रतिष्ठित नगरात झाला. विद्येच्या बळावर तो सातवाहन राजाचा मंत्री झाला. एकदा जलक्रीडेच्या वेळी पाणी उडवू नका, असे राणीने संस्कृतात सांगितले. राजाने संधी न ओळखता 'मोदकैः' एवढेच ऐकले आणि मोदक आणवले. राणी हसली, राजा खजील झाला. त्याला सहा वर्षांत व्याकरण शिकवण्याची तयारी गुणाढ्याने दाखवली, तर शर्ववर्म्याने सहा महिन्यांचा शब्द दिला. तसे घडल्यास संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडीन, अशी प्रतिज्ञा गुणाढ्याने केली आणि तो हरला.

शब्द पाळण्यासाठी तो विंध्यारण्यात गेला. तेथे त्याने पैशाची भाषा आत्मसात केली आणि काणभूतीकडून ऐकलेली कथा सात वर्षे खपून सात लक्ष श्लोकांत लिहिली. अरण्यात शाई नसल्याने त्याने स्वतःचे रक्त वापरले. शिष्यांनी ग्रंथ राजाकडे नेला; परंतु पिशाचांची भाषा आणि रक्ताची अक्षरे पाहून राजाने तो नाकारला. गुणाढ्याने मग डोंगरावर अग्नी पेटवला. एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचे आणि अग्नीत टाकायचे, असा क्रम सुरू झाला. चारा विसरून प्राणी अश्रू ढाळत ऐकत राहिले. राजा तेथे पोहोचेपर्यंत सहा लक्ष श्लोक भस्मसात झाले होते. शिष्यांना प्रिय असलेली नरवाहनदत्ताची एक लक्ष श्लोकांची कथा तेवढी वाचली.

नेपाळमधील परंपरा मात्र गुणाढ्याला मथुरेचा आणि उज्जैनच्या दरबारातील पंडित मानते. बृहत्कथा ज्या प्रदेशात गेली, त्या प्रदेशाने तिच्या कर्त्यालाही आपल्यापरीने घडवले. कंबोडियातील नवव्या शतकातील शिलालेखातही त्याचे नाव आढळते.

ग्रंथाच्या रूपांतरांतही हेच दिसते. काश्मीरमध्ये क्षेमेंद्र आणि सोमदेव यांनी त्यात पंचतंत्र व वेताळाच्या कथा गुंफल्या. नेपाळमध्ये सापडलेल्या बुधस्वामीच्या 'बृहत्कथाश्लोकसंग्रहा'त या कथा नाहीत. त्यात व्यापारी आणि नगरजीवन ठळक आहे. जैन परंपरेतील 'वसुदेवहिंडी'त नायक बदलून कृष्णाचा पिता वसुदेव आला. तमिळमध्ये 'पेरुंगदै'ने उदयनाचे चरित्र सांगितले. १९०८ मध्ये फ्रेंच अभ्यासक फेलिक्स लाकोत यांनी काश्मिरी आणि नेपाळी रूपांतरांची तुलना करून नेपाळी पाठ मुळाला अधिक जवळचा असल्याचे मत मांडले.

एकाच प्रसंगातून हा फरक स्पष्ट होतो. बुधस्वामीचा सानुदास सुवर्णभूमीच्या शोधात निघतो. अरुंद वाटेवर ज्या बोकडाने साथ दिली, त्याच्याच कातड्यात स्वतःला गुंडाळून घ्यायचे आणि महाकाय पक्ष्यांनी मांस समजून उचलून न्यायचे, असा तो प्रवास आहे. 'वसुदेवहिंडी'त चारुदत्तावर हाच प्रसंग येतो; पण तेथे मरणाऱ्या बोकडाला धर्मोपदेश मिळतो आणि तो देव होऊन चारुदत्ताला वंदन करण्यास येतो. अरबी कथांतील सिंदबादही मांसाच्या तुकड्याला स्वतःला बांधून पक्ष्याच्या साहाय्याने हिऱ्यांच्या दरीतून सुटतो. तेथे पापपुण्याचा प्रश्न नाही. जीव वाचवण्याची युक्ती आणि संपत्ती एवढेच महत्त्वाचे आहे. पक्षी तोच, उड्डाण तेच. त्याची किंमत कोण मोजतो, याचे उत्तर मात्र प्रत्येक समाजाने वेगळे दिले.

राजाने भाषेवरून ग्रंथाची योग्यता ठरवली आणि पैशाचीतील मूळ रचना अखेर लोप पावली. संस्कृत, प्राकृत आणि तमिळ या भाषांनी मात्र तीच कथा आपलीशी करून जतन केली. गुणाढ्याचे नाव आज टिकून आहे, ते या कथनकारांमुळेच.