सीमेपलीकडे कोणी जावे?

ठाणे जिल्ह्याच्या तत्कालीन उंबरगाव तालुक्यातील झरी या गावी २३ मे १९४५ रोजी वारली आदिवासींची जी परिषद भरली, तिचे स्थान महाराष्ट्राच्या शेतकरी चळवळीच्या इतिहासात निश्चित झाले आहे. त्या परिषदेचा आंतरराष्ट्रीय राजकारणाशी काही संबंध असू शकेल, ही कल्पना मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही. बलाढ्य राष्ट्राने परक्या देशातील जनतेच्या उद्धारासाठी तेथे सैन्य धाडावे काय, हा प्रश्न निघाला की हंगेरी, व्हिएतनाम, अफगाणिस्तान, इराक ही नावे पुढे येतात, आणि चर्चा दूरदेशी निघून जाते. परंतु झरीपासून अवघ्या काही कोसांवर त्या काळी पोर्तुगालची हद्द लागत होती. परिषदेला नऊ वर्षे लोटली आणि हाच प्रश्न याच डोंगराळ मुलखात, महाराष्ट्राच्या दाराशी येऊन उभा राहिला. गोदावरी परुळेकर यांच्या चरित्राकडे या दृष्टीने पाहिले जात नाही. ते पाहण्याजोगे आहे.

पुण्यातील सुखवस्तू, प्रतिष्ठित वकील लक्ष्मणराव गोखले यांच्या घरी १४ ऑगस्ट १९०७ रोजी त्यांचा जन्म झाला. फर्ग्युसन महाविद्यालयात अर्थशास्त्र व राज्यशास्त्र यांचे शिक्षण घेऊन त्या कायद्याकडे वळल्या. कायद्याची पदवी घेणाऱ्या महाराष्ट्रातील अगदी आरंभीच्या स्त्रियांत त्यांची गणना होते. अशा मुलीने वकिली करावी, नाही तर चांगले स्थळ पाहून संसार मांडावा, ही त्या काळच्या मध्यमवर्गाची स्वाभाविक अपेक्षा. त्यांनी १९३२ साली सत्याग्रहात भाग घेऊन तुरुंगाची वाट धरली. वडिलांना हे रुचले नाही. सुटकेनंतर मुंबईस येऊन त्या भारत सेवक समाजात दाखल झाल्या आणि त्या संस्थेच्या पहिल्या महिला आजीव सदस्य ठरल्या. मुंबईतील साक्षरता प्रसार, घरकामगारांची संघटना, पुढे कल्याण-मुरबाड भागातील शेतकऱ्यांचे प्रश्न, असा त्यांच्या कार्याचा मार्ग शहरातून खेड्याकडे सरकत गेला. शामराव परुळेकर हे डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने १९३७ साली मुंबई विधिमंडळात निवडून गेलेले कार्यकर्ते. त्यांच्याशी गोदावरीबाईंचा विवाह १९३९ साली झाला आणि त्याच सुमारास दोघांनी कम्युनिस्ट पक्षात प्रवेश केला.

येथे एका प्रसंगाकडे काणाडोळा करता येत नाही. दुसरे महायुद्ध हे साम्राज्यवादी राष्ट्रांचे आपसातील भांडण आहे आणि हिंदी जनतेने त्यात रक्त सांडू नये, अशी पक्षाची भूमिका होती. त्या भूमिकेपायी परुळेकर पतिपत्नी १९४० साली स्थानबद्ध झाली. जून १९४१ मध्ये हिटलरच्या फौजा रशियात घुसल्या आणि त्याच युद्धाला पक्षाने लोकयुद्ध म्हणण्यास प्रारंभ केला. सुटका १९४२ साली झाली, तेव्हा बाहेर देशभर चले जाव चळवळीचा वणवा पेटला होता आणि पक्ष त्यापासून अलिप्त होता. फॅसिझमचा पाडाव आवश्यक होता, यात शंका नाही. पण एखाद्या युद्धाचा न्यायान्याय परक्या राजधानीतील घडामोडींवरून ठरविण्याची ही सवय डाव्या चळवळीला पुढेही जडून राहिली. त्याची किंमत तिने मोजली आहे.

टिटवाळ्यास जानेवारी १९४५ मध्ये महाराष्ट्र प्रांतिक किसान सभेची परिषद भरली. उंबरगावकडून माह्या धांगडा व त्याचे काही वारली सोबती या परिषदेस आले होते. वेठबिगारीची जी हकिकत त्यांनी तेथे सांगितली, ती ऐकून परुळेकर त्या भागात गेले. जमीनदाराकडून लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघेही वर्षानुवर्षे, पुष्कळदा आयुष्यभर, त्याच्या घरी राबत. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. खंडाने जमीन कसणाऱ्या कुळाला आपली पेरणी टाकून आधी जमीनदाराच्या शेतात फुकट राबावे लागे. मारझोड नित्याची होती. बायाबापड्यांच्या अब्रूला किंमत नव्हती. कायद्याने गुलामगिरी रद्द होऊन शतक लोटत आले होते, पण ठाणे जिल्ह्याच्या जंगलपट्टीत त्या कायद्याचा उच्चार करणारा कोणी गेला नव्हता. गोदावरीबाई गेल्या. त्या पाड्यापाड्यांतून पायी हिंडल्या, वारल्यांच्या झोपड्यांत राहिल्या, त्यांच्या पानात जे पडे ते खाल्ले.

झरीच्या परिषदेस सुमारे ५,००० वारली जमले. यापुढे वेठ करावयाची नाही, रोज १२ आणे रोख मजुरी मिळाल्याखेरीज जमीनदाराच्या शेतात पाऊल ठेवावयाचे नाही आणि स्वतः खंडाने घेतलेल्या जमिनीची लावणी आधी उरकावयाची, असा निर्धार तेथे झाला. आजच्या वाचकाला या मागण्या फार साध्या वाटतील. पण त्या ज्या रीतीने अमलात आल्या ती रीत ध्यानात घेण्यासारखी आहे. बाहेरून कोणी शिपाई आला नाही, कोणा अधिकाऱ्याने हुकूम काढला नाही. परिषदेहून परतलेल्या माणसांनी घरोघर निरोप पोचविला आणि दुसऱ्या दिवसापासून वेठीला कोणी गेले नाही. पिढ्यान्पिढ्या चालत आलेली प्रथा काही आठवड्यांत मोडली, कारण ती सोसणाऱ्यांनीच ती चालविण्याचे नाकारले. गोदावरीबाईंनी त्यांना हे करावयास शिकविले असे म्हणणे पूर्णतः बरोबर ठरणार नाही. त्या सोबत राहिल्या, एवढे खरे. पुढे १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाला त्यांनी दिलेले नावच या बाबतीत पुरेसे बोलके आहे. या पुस्तकाला १९७२ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले.

शस्त्रबळ आले ते दुसऱ्या बाजूने. तलवाडा येथे १० ऑक्टोबर १९४५ रोजी गोदावरीबाईंच्या सभेची खोटी आवई उठविण्यात आली. त्यांच्या जिवाला धोका आहे असेही पसरविण्यात आले आणि हजारो वारली काठ्या घेऊन धावले. इकडे जमीनदारांनी सरकारदरबारी गाऱ्हाणे नेले होते की आदिवासी उठले आहेत, आमच्या जीविताला व मालमत्तेला धोका आहे. पोलिसांनी जमावावर गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याच्यासह एकूण पाच वारली ठार झाले. परुळेकर तेथे नव्हतेच. जीवित व मालमत्ता यांच्या रक्षणाचे हे कारण आंतरराष्ट्रीय व्यवहाराच्या अभ्यासकाला अगदी परिचयाचे वाटेल. परक्या भूमीवर फौजा उतरविणाऱ्या सत्तांनी गेल्या दोनशे वर्षांत जी कारणे दिली, त्यांत सर्वांत अधिक वेळा वापरले गेलेले कारण हेच होय. ज्याच्या जीविताची चिंता वाहिली जाते तो बहुधा जमीनदार असतो, आणि गोळी खाणारा वारली असतो.

यानंतर हद्दपारी, भूमिगत जीवन, तुरुंग यांचे सत्र सुरू झाले. जंगलतोडीच्या कामासाठी दिवसाला १ रुपया ४ आणे मजुरी मिळावी म्हणून १९४६ साली मोठा संप झाला. स्वातंत्र्य आले तरी परुळेकरांवरील सरकारी रोष कमी झाला नाही.

अशा स्थितीत १९५४ साल उजाडले. दादरा व नगरहवेली हा पोर्तुगिजांच्या ताब्यातील सुमारे ४९० चौरस किलोमीटरचा मुलूख चहूबाजूंनी भारतीय प्रदेशाने वेढलेला होता. त्याचा पूर्वेतिहास मराठी वाचकाला थोडा अवघडून टाकणारा आहे. पेशवे व पोर्तुगीज यांच्यात १७७९ साली तह झाला. त्यानुसार १२,००० रुपये वसुलाची गावे पोर्तुगिजांना तोडून देण्याचे ठरले आणि १७८३ व १७८५ च्या सनदांनी ती देण्यात आली. या गावांत राहणाऱ्या वारली, कोकणा, धोडिया लोकांना पुण्यानेही विचारले नाही आणि लिस्बननेही नाही. सीमेच्या अलीकडे व पलीकडे राहणारा वारली एकच होता. सोयरीक एक, देव एक, सावकाराचा जाच एक.

युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या स्वयंसेवकांनी २२ जुलै १९५४ रोजी दादरा घेतले. आठवड्याभरात नरोली पडली. आझाद गोमंतक दल व राष्ट्रीय स्वयंसेवक संघ यांचे तरुण २ ऑगस्टला सिल्वासात शिरले. तलासरी-उंबरगाव भागातून परुळेकरांच्या नेतृत्वाखालील आदिवासी कार्यकर्तेही या लढ्यात उतरले. एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष एकाच मुलखात वेगवेगळ्या वाटांनी शिरले. त्यांच्यात सहकार्यापेक्षा स्पर्धाच अधिक होती, हे लपविण्याचे कारण नाही. कॅप्टन फिदाल्गो आपल्या शिपायांसह खानवेलकडे हटला आणि ११ ऑगस्ट रोजी त्याने भारतीय राखीव पोलिसांपुढे शस्त्रे खाली ठेवली.

भारताने सैन्य आत पाठविले नाही. त्याने केले ते एवढेच की दमणहून नगरहवेलीकडे जाऊ पाहणाऱ्या पोर्तुगीज फौजेला आपल्या भूमीवरून वाट दिली नाही. पोर्तुगालने हे प्रकरण १९५५ च्या डिसेंबरात हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेले. भारतातर्फे मोतीलाल सेटलवाड यांनी बाजू मांडली आणि न्यायपीठावर भारताने नेमलेले तदर्थ न्यायाधीश म्हणून न्या. छागला बसले होते. निकाल १२ एप्रिल १९६० रोजी लागला. खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांना जाण्यायेण्याचा हक्क पोर्तुगालला होता. सैन्य, सशस्त्र पोलीस व दारूगोळा नेण्याचा हक्क नव्हता. आणि १९५४ साली वाट रोखण्यात भारताने कोणत्याही बंधनाचा भंग केला नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. एका सत्तेच्या फौजेला आपल्या हद्दीतून जाऊ न देणे आणि आपली फौज दुसऱ्याच्या हद्दीत घुसविणे, या दोन गोष्टींतील अंतर या निकालाने स्पष्ट झाले.

अर्थात भारताची भूमिका अगदी सोवळी होती असेही नव्हे. स्वयंसेवक भारतीय भूमीवरूनच गेले, आणि भारतीय पोलीस सीमेवर तयारीनिशी उभे होते. तरीही येथे मर्यादा पाळली गेली आणि तिचा लाभ झाला. मुक्त झालेला मुलूख तत्काळ गिळंकृत न करता तेथील वरिष्ठ पंचायतीकडे सात वर्षे कारभार राहिला. तिने विलीनीकरणाची मागणी केल्यावर ऑगस्ट १९६१ मध्ये तो मुलूख भारतात समाविष्ट झाला. त्यानंतर चारच महिन्यांनी गोव्यात भारताने सैन्य घातले. सत्याग्रह होऊन गेले होते, १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या होत्या, वाटाघाटींची सर्व दारे सालाझारने बंद केली होती. ती कारवाई ३६ तासांच्या आसपास आटोपली आणि तिचे समर्थन करता येते. परंतु सुरक्षा समितीत भारताविरुद्धचा ठराव रशियाच्या नकाराधिकारामुळेच पडला, हेही विसरता कामा नये. पाच वर्षांपूर्वी बुडापेस्टच्या रस्त्यांवर रणगाडे घालणाऱ्या सत्तेने गोमंतकाच्या स्वातंत्र्याची कड घ्यावी, हा त्या काळाच्या राजकारणाचा एक नमुना होता.

हंगेरीतील त्या कारवाईचे समर्थन गोदावरीबाईंच्या पक्षाने केले होते. झरीच्या माळावर जे सत्य पाच हजार निरक्षर माणसांनी सिद्ध करून दाखविले, ते पक्षाला डॅन्यूबच्या काठी दिसू नये ही दुःखाची गोष्ट होय. ज्या कामगाराच्या नावाने राज्य चालवावयाचे, तोच रस्त्यावर उतरला असता त्याच्यापुढे परक्या फौजा उभ्या करणे, यात आणि तलवाड्यात पोलीस बोलाविणाऱ्यांत तत्त्वतः फरक किती उरतो? व्हिएतनामवर बॉम्ब टाकणाऱ्या अमेरिकेला हा प्रश्न डाव्यांनी हिरिरीने विचारला, आणि तो योग्यच होता. तो सर्वांना विचारला गेला नाही. बंगला देशात १९७१ साली भारतीय सेना गेली, तेव्हा तेथील जनतेने निवडणुकीत कौल दिलेला होता, मुक्तिवाहिनी लढत होती, सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले होते, आणि काम संपताच काही महिन्यांत सेना परतली. बळाचा वापर मुळीच वर्ज्य, असे म्हणणाऱ्याला या उदाहरणाचे उत्तर द्यावे लागेल. पण प्रत्येक महासत्ता आपल्या स्वारीला याच मालिकेत बसवू पाहते, म्हणून आधी आतील माणूस उठला होता काय आणि बाहेरचा वेळेवर परतला काय, एवढे तरी तपासून घ्यावयास हवे. इराकमध्ये २००३ साली आणि अफगाणिस्तानात आधी रशियाने व मग अमेरिकेने जे केले, ते या कसोटीला उतरत नाही.

गोदावरीबाईंच्या वाट्याला तुरुंग पुढेही आलाच. शामराव ३ ऑगस्ट १९६५ रोजी आर्थर रोड तुरुंगात अटकेत असतानाच हृदयविकाराने वारले. गोदावरीबाईंनी ठाणे जिल्ह्याचा आदिवासी भाग सोडला नाही. अखिल भारतीय किसान सभेचे अध्यक्षपद १९८६ साली त्यांच्याकडे आले, आणि ८ ऑक्टोबर १९९६ रोजी त्यांचे निधन झाले.

मध्यंतरी सीमा पुन्हा हलल्या होत्या. उंबरगाव १९६० साली गुजरातेत गेले. झरी महाराष्ट्रात राहिले आणि २०१४ साली नव्या पालघर जिल्ह्यात आले. पोर्तुगालमधील हुकूमशाही एप्रिल १९७४ मध्ये कोसळली आणि त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला नव्या सरकारने दादरा-नगरहवेली व गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व करार करून मान्य केले. नगरहवेलीतील कुळाचा प्रश्न मात्र झेंडा बदलल्याने सुटला नव्हता. पोर्तुगीज अमदानीत मोठ्या मालकांना दिलेल्या जमिनींचे हक्क तसेच चालू होते. मुलूख तीन आठवड्यांत मुक्त झाला होता. तेथील जमीनसुधारणेचा कायदा व्हावयास १९७१ साल उजाडावे लागले.