अक्षरांचे दोन देह : र. कृ. जोशी

अक्षर म्हणजे ज्याचा क्षय होत नाही ते, ही व्युत्पत्ती आपण शाळेतच शिकतो. परंतु संगणकावर कष्टाने लिहिलेला मराठी मजकूर दुसऱ्याच्या यंत्रावर चौकोनांच्या किंवा अर्थहीन रोमन चिन्हांच्या रांगा होऊन उमटलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना अक्षरही किती सहज क्षर होते याचा अनुभव आहे. हा क्षय थांबावा म्हणून ज्यांनी आपल्या आयुष्याचा उत्तरार्ध वेचला, त्यांत प्रा. रघुनाथ कृष्ण जोशी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. कलावंतांच्या वर्तुळात ते र. कृ. जोशी म्हणून ओळखले जात. आज महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात असलेले बहुतेक विद्यार्थी त्यांच्या निधनाच्या सुमारास जन्मलेले आहेत. पण त्यांनी रेखाटलेली अक्षरे पाहिली नाहीत, असा विद्यार्थी मात्र आपल्यात क्वचितच सापडेल. आणि उपनगरात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना आणखी एक आपुलकीचे कारण आहे. त्यांच्या या कार्याची कर्मभूमी होती पवई आणि जुहू.

जोशी यांचा जन्म १९३६ सालचा. मुंबईच्या सर जे. जे. कला संस्थेत त्यांनी उपयोजित कलेचे शिक्षण घेतले आणि पुढे जाहिरातीच्या व्यवसायात प्रवेश केला. उल्का या मुंबईच्या प्रसिद्ध जाहिरात संस्थेत ते बरीच वर्षे कलादिग्दर्शक होते. जाहिरातीच्या धंद्यात अक्षर हे बहुधा चित्राच्या पायाशी बसलेले असते. चित्र बोलते आणि अक्षर किंमत सांगते. जोशी यांनी मात्र अक्षरालाच चित्राचा मान दिला. ते कवीही होते, आणि त्यांची कविता कानाइतकीच डोळ्यांसाठी असे. शब्दांचा अर्थ कागदावरील त्यांच्या मांडणीतून उलगडावा, अशा दृश्यकवितेचे प्रयोग त्यांनी केले. भारतातील सर्व भाषा एका लिपीत लिहिता याव्यात या ध्यासातून त्यांनी ‘देशनागरी’ नावाची लिपीही आखली होती. ती व्यवहारात रुळली नाही. परंतु सगळ्या भारतीय लिप्या एका कुळातल्या बहिणी आहेत, ही जाण त्यांना पुढे फार उपयोगी पडली.

१९८०च्या दशकात ते पवईच्या आय. आय. टी.मधील औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्राध्यापक म्हणून आले. हे केंद्र १९६९ साली स्थापन झालेले. येथे त्यांनी सुलेखन आणि अक्षरविन्यास हे विषय शिकविले. देवनागरीचा बोरू ज्या तिरक्या अंगाने कापतात, ते अंग रोमन लिपीच्या रुंद टाकाच्या नेमके उलटे असते. त्यामुळे रोमनमध्ये जी रेघ जाड, ती दिशा देवनागरीत बारीक येते. रोमन अक्षराचे वळण घेऊन त्यावर देवनागरी बेतू गेल्यास अक्षर परके दिसते, ते याच कारणाने. लिपीचे सौंदर्य तिच्या हत्यारातून आणि हाताच्या गतीतून जन्मते, ही गोष्ट ज्याने बोरू हाती धरला आहे त्यालाच उमगते. नवलाची गोष्ट ही, की बोरूचा हा उपासक त्याच काळात यंत्राकडे वळला.

यंत्राने देवनागरीचे आजवर पुष्कळ हाल केले होते. टंकलेखन यंत्रावर कळा मोजक्या. त्यामुळे जोडाक्षरे तुटली, मात्रा अधांतरी लोंबू लागल्या. यंत्राला सोयीचे व्हावे म्हणून लिपीच सुधारावी, असे सुचविणाऱ्यांचीही उणीव नव्हती. संगणक आला तेव्हा हाच प्रश्न नव्या रूपात पुढे उभा राहिला. तो समजण्यासाठी संगणक मजकूर कसा लिहितो आणि वाचतो, हे थोडे पाहिले पाहिजे.

संगणकाला अक्षराचा आकार माहीत नसतो; त्याला फक्त अंक माहीत. ‘मराठी’ हा शब्द त्याच्या लेखी पाच क्रमांकांची माळ आहे : म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी. युनिकोड या जागतिक संकेतात देवनागरीला १२८ जागांचा एक स्वतंत्र गट आहे, आणि त्याची मांडणी भारतीय लिप्यांसाठी आपल्याकडे १९८८ साली ठरलेल्या ‘इस्की’ या संकेतावर आधारलेली आहे. आज सर्वाधिक प्रचारात असलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक क्रमांक साठविण्यास तीन बाइट लागतात. म्हणजे ‘मराठी’ या शब्दाचे पंधरा बाइट झाले. हे बाइट नळातील पाण्यासारखे एकामागून एक वाहत येतात. म्हणूनच संगणकशास्त्रात त्यांना प्रवाह म्हणतात.

आता हा प्रवाह वाचणाऱ्याने कुठे तोडायचा? जावासारख्या ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषेत त्यासाठी कामाची वाटणी केलेली असते. एक ऑब्जेक्ट केवळ बाइट आणून देतो. ते कशाचे आहेत याच्याशी त्याला कर्तव्य नसते. त्याच्याभोवती दुसरा ऑब्जेक्ट गुंडाळतात. त्याला संकेत ठाऊक असतो आणि तो बाइटांतून अक्षरांचे क्रमांक घडवितो. त्याच्याभोवती तिसरा, जो अक्षरे साठवून एकेक ओळ हाती देतो. लिहिताना हीच साखळी उलटी चालते. जावा १९९५ साली आली, तेव्हा बाइटांचे प्रवाह तिच्यात होते. अक्षरे वाचणारे आणि लिहिणारे हे वेगळे ऑब्जेक्ट १९९७ च्या आवृत्तीत आले. इंग्रजीपुरते पाहिल्यास एक अक्षर म्हणजे एक बाइट, त्यामुळे चूक झाली तरी ती झाकून जाते. मराठीला ही सवलत नाही. लिहिणाऱ्याने एक संकेत वापरला आणि वाचणाऱ्याने दुसरा धरला, की पंधरा बाइटांचा शब्द पंधरा निरर्थक चिन्हे होऊन समोर येतो.

१९९० च्या दशकात मराठी मुद्रणालयांत आणि कार्यालयांत नेमके हेच घडत होते. प्रत्येक कंपनीचा फाँट वेगळा आणि त्याचा संकेतही वेगळा. अक्षराचा अर्थ प्रवाहात नसे, तो फाँटात दडलेला असे. फाँट बदलला की लेख गेला! त्या काळचे कितीतरी मराठी लेखन आज फाइल शाबूत असूनही सरळ वाचता येत नाही. कागद कुजला तर निदान कळते तरी. येथे सारे जागच्या जागी असून हरवलेले.

यातून सुटका व्हायची तर अक्षराचे दोन देह वेगळे करणे भाग होते. एक अर्थदेह, म्हणजे क्रमांकांचा प्रवाह. दुसरा दृश्यदेह, म्हणजे डोळ्यांना दिसणारा आकार. ‘कि’ लिहिताना आपण क उच्चारतो, मग इ. प्रवाहातही आधी क आणि मागून वेलांटी अशीच नोंद राहावी. ती वेलांटी क च्या आधी काढण्याचे काम दाखविणाऱ्याने करावे. क्ष, ज्ञ, त्र यांचे आकार प्रवाहात कोंबू नयेत. ते कसे जुळतात याचे नियम फाँटाच्या पोटात ठेवावेत. ओपनटाइप नावाच्या फाँटपद्धतीने हे शक्य केले. परंतु ते नियम लिहिणार कोण? त्यासाठी लिपीचे शरीरशास्त्र जाणणारा माणूस हवा होता.

तो माणूस जुहूला होता. पवईनंतर जोशी राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात, म्हणजे एन. सी. एस. टी.मध्ये काम करू लागले. १९८५ साली स्थापन झालेली ही संस्था जुहूच्या गुलमोहर क्रॉस रोडवर होती. पुढे ती सी-डॅकमध्ये सामावली गेली. अक्षररचनेसाठी ‘विन्यास’ ही संगणकप्रणाली विकसित करण्याच्या कामात त्यांचा पूर्वीपासून सहभाग होता. आता येथील अभियंत्यांसह त्यांनी भारतीय लिप्यांचे ओपनटाइप फाँट सिद्ध केले. त्यांतला देवनागरीचा ‘मंगल’ मायक्रोसॉफ्टने २००० सालच्या विंडोजमध्ये दिला, आणि तो घरोघर, कचेरी-कचेरीत पोहोचला. तमिळचा लता, गुजरातीचा श्रुती, कन्नडचा तुंगा, तेलुगूचा गौतमी ही त्याचीच भावंडे. देशनागरीच्या वेळी सर्व लिप्यांना एका रूपात गोवू पाहणारा हा कलावंत आता प्रत्येक लिपीला तिचे रूप राखू देऊन एका व्यवस्थेत आणीत होता.

या कामातील बारकावा एका मराठी उदाहरणाने स्पष्ट होईल. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातील दऱ्या. हिंदीला या दुसऱ्या आडव्या रेफाची फारशी गरज नाही. मराठीचे त्यावाचून चालत नाही. प्रवाहात दोन्ही शब्द पाच क्रमांकांचेच. फरक एकाच ठिकाणी. एकात साधा र, दुसऱ्यात त्याच्या शेजारच्याच क्रमांकाचा ऱ. हा फरक वाचणाऱ्या यंत्राने गिळला, किंवा फाँटाने नीट दाखविला नाही, तर डोंगर समुद्रात बुडालाच म्हणायचा!

मंगल निर्दोष आहे असे कोणी म्हणणार नाही. तो मुळात त्या काळच्या ठळक ठिपक्यांच्या पडद्यासाठी घडविलेला. छापील पुस्तकाच्या पानावर तो रुक्ष वाटतो, ही रसिकांची तक्रार रास्त आहे. ज्याच्या बोरूतून अक्षर नाचत असे, त्याने इतके संयमित अक्षर का काढावे, असेही कोणाला वाटेल. पण लहानशा पडद्यावर चार ठिपक्यांत मात्रा आणि अनुस्वार वेगळे दिसले पाहिजेत, ही त्या कामाची अट होती. कलावंताने आपली हौस बाजूला ठेवून वाचकाची सोय पाहिली. २०१२ च्या विंडोज ८ पासून मंगलची जागा निर्मला या फाँटने घेतली. तरी मंगलमध्ये लिहिलेला एकही शब्द त्यामुळे वाया गेला नाही, कारण अर्थदेह प्रवाहात सुरक्षित होता. पूर्वी फाँट गेला की लेख जात असे; आता फाँट जातो, लेख राहतो. जोशी यांच्या कामाचे यश मोजायचे तर ते येथे मोजावे.

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत ते वैदिक संस्कृताच्या स्वरचिन्हांकडे वळले होते. उदात्त, अनुदात्त, स्वरित आणि शाखाशाखांतील त्यांच्या नाना खुणा हस्तलिखितांत होत्या, पाठ करणाऱ्यांच्या कंठात होत्या. संगणकाच्या संकेतात मात्र त्यांतल्या बहुतेकांना जागा नव्हती. ती मिळावी यासाठी त्यांचे परिश्रम चालू असतानाच ५ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २००९ मध्ये, युनिकोडच्या ५.२ या आवृत्तीत वैदिक चिन्हांचा स्वतंत्र गट समाविष्ट झाला. ज्यासाठी ते झटले ते डोळ्यांनी पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने यंत्राकडे पाठ फिरवावी आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्याने लिपीकडे, अशी आपल्याकडे एक अलिखित रीत आहे. जोशी यांचे जीवन या रीतीला दिलेले उत्तर आहे. प्रवाह कसा वाहतो हे अभियंता सांगू शकतो, पण काठावर उमटणारे अक्षर मराठी आहे की नाही, हे सांगायला मराठी डोळा लागतो. तसा डोळा ज्यांच्यापाशी आहे त्यांनी यंत्राच्या दारात जाऊन उभे राहिले पाहिजे. पुढेही नवी यंत्रे येतील, नवे संकेत येतील, आणि दर वेळी आपल्या ऱ ला, आपल्या ळ ला कोणीतरी साक्षीदार लागेल. तो जुहूला किंवा पवईलाच सापडेल असे नाही. तो एखाद्या कला महाविद्यालयाच्या मराठीच्या वर्गातही बसलेला असू शकतो.