धोंडजी वाघ : श्रीरंगपट्टणच्या तुरुंगातून सुटलेला बंडखोर

आई-बाबा भेटीला आले की आपण सगळेच त्यांना श्रीरंगपट्टण दाखवायला नेतो. म्हैसूरपासून जेमतेम पंधरा किलोमीटर. गाइड टिपू जिथे पडला ती जागा दाखवतो, इंग्रज कैद्यांची अंधारकोठडी दाखवतो, दर्या दौलत बाग दाखवतो आणि मोकळा होतो. याच गावात एक मराठा स्वार चार-पाच वर्षे साखळदंडात पडून होता, हे तीन वेळा किल्ला पाहूनही मला माहीत नव्हते. त्याचे नाव धोंडजी वाघ. इंग्रजांच्या कागदांत तो धोंडिया म्हणून येतो.

धोंडजी चन्नगिरीचा, एका मराठा घराण्यातला. हैदरअलीच्या घोडदळात तो शिपाईगिरी शिकला. १७९० नंतर टिपूचे इंग्रजांशी युद्ध पेटले तेव्हा त्याने लूट आणि काही स्वार बरोबर घेतले आणि धारवाडकडच्या मुलखात पळ काढला. तिथे तो स्वतःच्या हिमतीवर गावे लुटू लागला. हे मी मुद्दाम लिहितो आहे. त्याला सुरुवातीपासून स्वातंत्र्यवीर म्हणणारे लेख मी वाचले आणि मलाही तसेच लिहायचे होते, पण ते खरे नाही. त्याने लुटलेली गावे पेशव्यांच्या राज्यातली होती. पेशव्यांचे सरदार धोंडोपंत गोखले यांनी त्याला तिथून हुसकून लावले. त्या दोघांचे वैर तेव्हापासूनचे.

आसरा मागायला तो १७९४ मध्ये पुन्हा टिपूकडे गेला. टिपूने त्याला मुसलमान केले, पण विश्वास काही ठेवला नाही आणि तुरुंगात टाकले.

४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले. त्या गोंधळात धोंडजी बाहेर आला. खुद्द इंग्रज सैनिकांनीच दया येऊन त्याच्या बेड्या काढल्या, असे सांगतात. पुढच्या सव्वा वर्षात कंपनीला ही दया किती महाग पडली!

बेड्या सुटल्यावर तो बेदनूर-शिमोग्याकडे गेला. टिपूची फौज मोडली होती. हजारो स्वार आणि शिपाई एका दिवसात बेकार झाले होते. ते त्याच्याभोवती जमू लागले. ऑगस्टमध्ये इंग्रजांनी त्याला शिकारीपूरजवळून तुंगभद्रेपार ढकलले. पलीकडे पोहोचल्यावर गोखल्यांनी त्याच्या छावणीवर छापा घातला आणि तो संपला असे सगळ्यांना वाटले. पण १८०० च्या उन्हाळ्यात तो पूर्वीपेक्षा मोठी फौज घेऊन परत आला. आता त्याने उभय-लोकाधीश्वर, म्हणजे दोन्ही लोकांचा स्वामी, अशी पदवी घेतली होती. पदवी वाचून मला हसू आले. पण परवापर्यंत साखळदंडात असलेल्या माणसाने आणखी छोटी पदवी का घ्यावी?

त्याच्यावर निघाला श्रीरंगपट्टणचा कारभार पाहणारा कर्नल आर्थर वेलस्ली, वय एकतीस. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. बटाव्हियाच्या मोहिमेचे नेतृत्व त्याला देऊ केले होते, पण धोंडजी मोकळा असताना तो म्हैसूर सोडून गेला नाही.

आपल्या दृष्टीने शिकण्यासारखा भाग इथून पुढे आहे. धोंडजीचे बळ वेगात होते. आज इथे, उद्या पन्नास मैलांवर. वेलस्लीने त्याच्यामागे नुसते धावायचे नाही असे ठरवले. त्याने आधी बैल, धान्य आणि नदी पार करायला टोपलीसारख्या गोल होड्या जमवल्या. जूनमध्ये त्याने तुंगभद्रा ओलांडली. पलीकडे पेशव्यांचा मुलूख होता, पण पेशव्यांनी त्याला येऊ दिले आणि निजामाची फौजही त्याच्या बाजूने होती. धोंडजीला जायला जागाच उरत नव्हती.

तरी ३० जूनला त्याने जुना हिशेब चुकता केला. कित्तूरच्या बाजूला त्याने धोंडोपंत गोखल्यांना गाठून ठार केले. त्यांच्या रक्ताने मिशा रंगवण्याची शपथ त्याने घेतली होती, असे म्हणतात. पुतण्या बापू गोखले वाचले आणि पुढे पेशव्यांचे सेनापती झाले. १८१८ मध्ये आष्टीला इंग्रजांशीच लढताना ते पडले. म्हणजे गोखल्यांना ज्या शत्रूशी शेवटी लढायचे होते त्याच्याशी धोंडजी आधीच लढत होता, आणि दोघे मात्र एकमेकांचा जीव घेत होते.

त्याच्या थोडे आधी अमेरिकेतल्या तेरा वसाहतींनी याच इंग्रजांविरुद्ध बंड केले होते आणि १७८१ मध्ये यॉर्कटाउनला लॉर्ड कॉर्नवॉलिसची फौज शरण आली होती. (तोच कॉर्नवॉलिस १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणच्या दारात उभा राहिला आणि टिपूचे अर्धे राज्य घेऊन गेला!) पण त्या वसाहती एका काँग्रेसमध्ये एकत्र बसत होत्या आणि समुद्रावर फ्रेंच आरमार त्यांच्या मदतीला होते. धोंडजीशेजारी कोणीच बसायला तयार नव्हते. लुटलेला शेजारी कसा बसेल?

३० जुलैला मलप्रभेच्या काठी मनोळीला वेलस्लीने त्याची छावणी गाठली. मागे फुगलेली नदी होती. कितीतरी माणसे आणि जनावरे बुडाली, तोफा गेल्या. धोंडजी निसटला आणि जंगलातून वळसा घालून निजामाच्या मुलखात शिरला. १० सप्टेंबर १८०० रोजी कोनगल गावाजवळ दोघे समोरासमोर आले. धोंडजीकडे सुमारे पाच हजार स्वार होते. वेलस्लीचे पायदळ मागे राहिले होते आणि हाताशी घोडदळाच्या फक्त चार रेजिमेंट होत्या. त्याने चारही एकाच ओळीत उभ्या केल्या, मागे राखीव काही ठेवले नाही, आणि स्वतः पुढे होऊन हल्ला चढवला. धोंडजीचे स्वार काही वेळ जागेवर टिकले, मग फुटले. तो मारला गेला. त्याचे प्रेत तोफेच्या गाड्यावर बांधून छावणीत नेले.

सुट्टीत घरी जाताना आमची गाडी हरिहरला तुंगभद्रा ओलांडते. बहुतेक कॅडेट तेव्हा झोपलेले असतात. मी या वेळी जागा राहून पात्र पाहिले. जूनमध्ये ते बैलांसह पार करायचे म्हणजे काय, ते पुस्तकात कळत नाही.

कोनगलला सामानसुमानात चारेक वर्षांचा एक मुलगा सापडला. तो धोंडजीचा सलाबतखान. वेलस्लीने त्याला आपल्या तंबूत नेले, त्याचा सांभाळ केला आणि १८०५ मध्ये हिंदुस्थान सोडताना त्याच्या पालनपोषणासाठी पैसे ठेवून गेला. मुलगा मोठा होऊन म्हैसूरच्या राजाच्या नोकरीत लागला. १८२२ मध्ये तो पटकीने वारला.